गंध, सौमनस्य आणि चित्तप्रसाद

सुगंधाने मन प्रसन्न होते हे कोणत्याही काळात फारसे कोणी नाकारलेले नाही. वाद आहे तो या प्रसन्नतेचे मोल काय, याविषयी. नाकावाटे येणारी आणि पदार्थ दूर होताच ओसरणारी ही सुखद अवस्था माणसाच्या कल्याणाचा भाग मानावी, की इंद्रियांचा क्षणिक विलास म्हणून बाजूला सारावी, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी आणि धर्मपरंपरांनी निरनिराळ्या निमित्तांनी हाताळला आहे. अरोमाथेरपी, म्हणजे वनस्पतींपासून काढलेली सुगंधी तेले हुंगून किंवा अंगाला चोळून मनाला व शरीराला स्वास्थ्य मिळवण्याची पद्धती, शहरी जीवनात रुळू लागल्यापासून हा प्रश्न नव्या रूपात पुढे आला आहे. या पद्धतीचे पुरस्कर्ते प्राचीन भारताचा दाखला आवर्जून देतात. परंतु मूळ ग्रंथांकडे वळल्यास असे दिसते, की तेथे सुगंधाच्या परिणामाला मान्यता असली, तरी तो कोणाचा, कोणासाठी आणि किती काळ टिकणारा, हे विचारल्यावाचून ती मान्यता पूर्ण होत नाही.

गंध म्हणजे काय, याचा सर्वांत पद्धतशीर विचार वैशेषिक दर्शनात सापडतो. या दर्शनात पृथ्वी, जल, तेज, वायू आणि आकाश या पाच भूतद्रव्यांपैकी गंध हा केवळ पृथ्वीचा विशेष गुण मानला आहे, म्हणजे असा गुण, ज्यावरून ते द्रव्य इतर द्रव्यांपासून वेगळे ओळखता येते. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त तर गंध असणे हेच पृथ्वीचे लक्षण सांगितले आहे. पाण्याला किंवा वाऱ्याला वास येतो तेव्हा तो त्यांत मिसळलेल्या पार्थिव कणांचा असतो आणि तो ग्रहण करणारे घ्राणेंद्रियही पार्थिवच असते, असे या मताचे म्हणणे आहे. जैन दर्शनाला ही वाटणी मान्य नाही. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’नुसार पुद्गल, म्हणजे जड द्रव्य, कोणत्याही रूपात असले तरी त्याला स्पर्श, रस, गंध आणि वर्ण हे चारही गुण असतातच, काही ठिकाणी गंध जाणवत नाही, याचा अर्थ तो तेथे नाही असा होत नाही. मतभेद असूनही दोन्ही दर्शनांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे गंध ही मनाने रचलेली कल्पना नसून जगाचा खरा गुण आहे आणि हुंगणे म्हणजे त्या जगातल्या द्रव्याशी प्रत्यक्ष संबंध येणे होय.

गंध खरा असला, तरी त्याचे चांगले-वाईटपण कुठून येते, हा पुढचा प्रश्न आहे. भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात श्रीकृष्ण पृथ्वीतला पुण्य, म्हणजे पवित्र, गंध आपण आहोत असे सांगतात. त्यावरील भाष्यात शंकराचार्यांनी मांडलेला विचार लक्षणीय आहे: गंधाचे पावित्र्य स्वाभाविक असून त्याचे अपवित्रपण मात्र संसारी जीवांच्या अविद्या, अधर्म इत्यादींच्या अपेक्षेने आणि विशिष्ट भूतांच्या संसर्गाने येते. याचा अर्थ असा, की सुगंध मुळातला आहे आणि दुर्गंध आगंतुक आहे. या सिद्धांताचे सामाजिक पर्यवसान परंपरेने क्वचितच काढले. मैला उचलण्याचे किंवा मेलेली गुरे ओढण्याचे काम ज्यांच्यावर लादले गेले, त्यांच्या कामाचा वास हा त्यांच्या देहाचा आणि जातीचाच गुण ठरवला गेला. संसर्गाने आलेली, म्हणजे धुतली जाणारी गोष्ट स्वभावसिद्ध मानली गेली आणि हाताने मैला उचलून घेण्यास बंदी घालणारा कायदा १९९३ साली, व अधिक व्यापक रूपात २०१३ साली, करावा लागला. म्हणून सुगंधाच्या कल्याणकारकतेचा विचार करताना, दुर्गंध कोणाच्या वाट्याला दिला गेला आहे, हा प्रश्न त्या विचाराबाहेर ठेवता येत नाही.

सुगंध हितकारक आहे, हे आयुर्वेदाने स्पष्टपणे सांगितले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दिनचर्येच्या संदर्भात गंध व पुष्पमाला धारण करण्याचे लाभ मोजताना आयुष्य, पुष्टी आणि बल यांच्या जोडीला सौमनस्य, म्हणजे मनाचा आल्हाद, हा लाभही नोंदवला आहे. मन प्रसन्न असणे हे आरोग्याचे अंग मानणारी ही दृष्टी आजच्या अरोमाथेरपीला जवळची वाटावी, हे स्वाभाविक आहे. त्याचबरोबर गंधद्रव्ये तयार करण्याची विद्या, जिला गंधयुक्ती म्हणत, ती गणिती नेमकेपणाने विकसित झाली होती. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त १६ द्रव्यांतून ४ घेऊन आणि त्यांची प्रमाणे बदलत जाऊन १,७४,७२० सुगंध सिद्ध होतात, असा हिशोब मांडला. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लासा’त राजाच्या उपभोगांमध्ये उटणी, विलेपने आणि धूप यांना स्वतंत्र स्थान दिले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील अभ्यासक परशुराम कृष्ण गोडे यांनी उजेडात आणलेला गंगाधराचा ‘गंधसार’ आणि त्याच्या जोडीने सापडलेला ‘गंधवाद’ हे ग्रंथ याच विद्येचे आहेत; ‘गंधवादा’वर तर जुनी मराठी टीका आहे, त्यामुळे ही विद्या संस्कृत पंडितांपुरती उरली नव्हती, हे सिद्ध होते.

गंगाधराने या विद्येचे जे फल सांगितले आहे, त्यात देवपूजेला साहाय्य, पुष्टी, अलक्ष्मीचे निवारण, राजांचा संतोष आणि चतुर स्त्रियांच्या चित्ताचा प्रमोद यांबरोबर त्रिवर्गाची, म्हणजे धर्म, अर्थ आणि काम या तीन पुरुषार्थांची, प्राप्ती येते. चौथा पुरुषार्थ जो मोक्ष, तो या यादीत नाही. गंधशास्त्रकाराने आपल्या विद्येची मर्यादा ओळखून आखलेली ही सीमा मानली, तर तीत एक प्रामाणिकपणा आहे. सुगंधाने जगणे सुखकर होते, नाती जुळतात, पूजा शोभते, असे तो म्हणतो; माणूस त्यामुळे मुक्त होतो, असे म्हणत नाही. आधुनिक बाजारात मात्र तेलाच्या छोट्या बाटलीवर ‘आंतरिक शांती’ लिहून ती विकली जाते, तेव्हा हीच सीमा पुसली जाते.

धर्माचरणात सुगंधाला जे स्थान मिळाले, ते उपभोगाच्या स्थानाहून वेगळे आहे. गंध, पुष्प, धूप, दीप आणि नैवेद्य या पंचोपचारांत, म्हणजे संक्षिप्त पूजेच्या पाच अंगांत, पहिली तीन अंगे घ्राणेंद्रियाशी निगडित आहेत. आणि तरीही देवाला वाहायचे फूल आधी हुंगू नये, हुंगलेले फूल पूजेला चालत नाही, असा दंडक घराघरांत पाळला जातो. या नियमाचा तात्त्विक आशय असा, की सुगंधाचा पहिला भोक्ता पूजा करणारा नव्हे. अर्थात धुपाचा वास त्याच्याही नाकात शिरतो आणि त्याचेही मन निवते. परंतु हे सुख त्याच्याकडे दुसऱ्याला दिलेल्या वस्तूचा शेष म्हणून परत येते, प्रसादासारखे. पंढरपूरला उन्हाळ्यात विठ्ठलाच्या मूर्तीला चंदनाची उटी लावली जाते, ती देवाला उकाड्याचा त्रास होऊ नये म्हणून. भक्ताला मिळणारा गारवा हा त्या काळजीतून उपजलेला असतो. वारकरी एकमेकांच्या कपाळी बुक्का लावतात, तेव्हाही सुगंध स्वतःच्या अंगाला फासून घेण्यापेक्षा समोरच्याला देण्यात त्याची सार्थकता मानली जाते. मन प्रसन्न करण्याचे साधन म्हणून सुगंध वापरणाऱ्या व्यवहारात आणि या व्यवहारात द्रव्य तेच असते, कदाचित मेंदूत घडणारी क्रियाही तीच असते. बदलते ती सुखाची दिशा.

बौद्ध परंपरेने हाच प्रश्न अधिक कठोरपणे विचारला. एकीकडे बुद्धाच्या निवासकक्षाला गंधकुटी म्हटले जाई, आणि अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यातील वाकाटककालीन लेखातही अशा गंधकुटीचा उल्लेख आहे, म्हणजे बुद्धाच्या सान्निध्याची खूण म्हणून सुगंध आदरणीय होता. दुसरीकडे उपोसथाच्या दिवशी पाळावयाच्या शीलांत माला, गंध आणि विलेपन यांचा त्याग सांगितलेला होता. या दोन टोकांमधला ताण संयुत्तनिकायातील एका छोट्या सुत्तात फार मार्मिकपणे व्यक्त झाला आहे. कोसल देशातल्या वनात राहणारा एक भिक्खू भिक्षेहून परतल्यावर तळ्यात उतरून कमळाचा वास घेत असे. तेव्हा वनदेवता त्याला म्हणाली, की न दिलेले तू घेत आहेस, म्हणून तू गंधचोर आहेस. भिक्खूने विचारले, की मी फूल तोडत नाही, मोडत नाही, दुरून वास तेवढा घेतो. मग जे कमळे मुळासकट उपटतात, त्यांना का बोलत नाहीस? देवतेचे उत्तर असे, की जो दोषांनी पुरता माखला आहे त्याला सांगण्यासारखे काही नाही, पण जो शुद्धीच्या शोधात आहे, त्याच्या बाबतीत केसाच्या टोकाएवढा दोषही ढगाएवढा दिसतो. भिक्खू तिचे आभार मानून यापुढेही असेच सावध करण्याची विनंती करतो, तेव्हा ती स्पष्ट सांगते, की आपण त्याची चाकरी करत नाही, आपले हित त्याचे त्यानेच ओळखावे.

या सुत्ताचा रोख सुगंध वाईट आहे असे दाखवण्याकडे नाही. वास घेतल्याने कमळाचे काही कमी होत नाही, मग चोरी कशी, हा भिक्खूचा युक्तिवाद व्यवहारात बिनतोड आहे; देवता तो खोडून काढण्याच्या भरीस पडत नाही, ती लक्ष वेधते ते मनात रुजू पाहणाऱ्या सवयीकडे. रोज त्याच वेळी तळ्यावर जाण्याची ओढ लागली, की सुख हे आपोआप लाभलेले राहत नाही, ते हक्काचे वाटू लागते, आणि हक्काची ही भावनाच तृष्णेचे बीज आहे. त्यातच मुळासकट उपटणाऱ्यांचा उल्लेख आजच्या काळाला अधिक लागू पडतो. चंदनाचे तेल झाडाच्या गाभ्यातल्या लाकडात आणि मुळांत साठते, ते तयार व्हायला वर्षानुवर्षे लागतात, आणि ते मिळवायचे तर झाड मुळासकट काढावे लागते. टिपू सुलतानाने १७९२ साली म्हैसूर राज्यात हे झाड राजवृक्ष म्हणून घोषित केले होते, तरीही पुढच्या काळातल्या बेसुमार तोडीमुळे भारतीय चंदनाची गणना आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत असुरक्षित जातींमध्ये झाली. ज्या सुगंधाने एकाचे मन शांत होते, त्यासाठी कोणत्या वनातून काय उपटले गेले, हे विचारणे म्हणजे त्या देवतेचा प्रश्न पुढे नेणे होय.

आधुनिक अरोमाथेरपीचा उगम या विचारपरंपरेत नाही, तो फ्रान्समधल्या सुगंधी द्रव्यांच्या उद्योगात आहे. रसायनतज्ज्ञ रने-मोरिस गातफोसे याचे हात १९१० साली प्रयोगशाळेतील स्फोटात भाजले आणि लव्हेंडरच्या तेलाचा त्यांवर झालेला उपयोग पाहून त्याने वनस्पतितेलांच्या औषधी गुणांचा अभ्यास वाढवला; १९३७ साली त्याने या पद्धतीच्याच नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे वैद्यकीय उपयोगाच्या जोडीला मनःस्वास्थ्याचा दावा आला आणि आज तोच मुख्य झाला आहे. त्याला काही शारीरिक आधारही आहे. गंधाचे संदेश इतर संवेदनांप्रमाणे मेंदूतल्या थॅलॅमस या वाटपकेंद्रातून आधी न जाता भावना व स्मृती यांच्याशी संबंधित भागांकडे थेट पोहोचतात, त्यामुळे एखादा वास विचाराआधी भाव जागवतो. २००८ साली अमेरिकेत ५६ निरोगी व्यक्तींवर झालेल्या एका प्रयोगात लिंबाच्या सुगंधाने मनःस्थिती सुधारल्याचे आढळले. मात्र लव्हेंडरचा तसा परिणाम दिसला नाही, आणि वेदना, जखम भरणे किंवा रोगप्रतिकार यांबाबत दोन्ही सुगंधांचा लाभ आढळला नाही. म्हणजे सौमनस्याचा दावा काही अंशी टिकतो, त्यापलीकडचे दावे या प्रयोगात टिकत नाहीत.

या सौमनस्याचे किती श्रेय द्रव्याला आणि किती मनाला, हा प्रश्न उरतो. रेचेल हर्झ आणि युलिया फॉन क्लेफ यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकच वास कधी चीजचा म्हणून आणि कधी ओकारीचा म्हणून सांगितला, तेव्हा हुंगणाऱ्यांचा सुखद-दुःखद अनुभव नावाप्रमाणे बदलला. ही समस्या भारतीय ज्ञानमीमांसेला, म्हणजे ज्ञान कसे होते याच्या शास्त्राला, अपरिचित नाही. दूर असलेले चंदनाचे लाकूड डोळ्यांनी पाहताच ‘हे चंदन सुगंधी आहे’ असे ज्ञान होते, ते कसे, हा नव्यन्यायाचा प्रसिद्ध प्रश्न आहे. नैयायिकांनी पूर्वीच्या ज्ञानाच्या आधारे सुगंधाचेही एक अलौकिक प्रत्यक्ष होते असे मानले. ‘वेदांतपरिभाषा’कार धर्मराज अध्वरींद्राने मात्र लाकडाचे ज्ञान प्रत्यक्ष आणि सुगंधाचे परोक्ष असे विभाजन केले. कोणतेही मत घेतले, तरी दोघांनाही हे मान्य आहे, की सुगंधाच्या अनुभवात पूर्वस्मृती मिसळलेली असते. म्हणून ‘लव्हेंडर शांत करते’ हे ऐकून लव्हेंडर हुंगणारा माणूस काही अंशी ती शांतीच हुंगत असतो. हे लक्षात घेतले, तर अरोमाथेरपी थोतांड ठरत नाही. पण तेलाच्या थेंबात शांती साठवलेली आहे, ही समजूत मात्र ढासळते.

येथे सौमनस्य आणि चित्तप्रसाद यांतला भेद महत्त्वाचा ठरतो. सौमनस्य हा अनुकूल विषयाच्या स्पर्शाने आलेला आल्हाद आहे. त्याचे घटणे त्याच्या स्वरूपातच आहे, कारण एकच वास सतत येत राहिला तर थोड्याच वेळात नाक तो नोंदवेनासे होते आणि तोच आल्हाद मिळवण्यासाठी अधिक तीव्र किंवा नवा वास लागतो. चित्तप्रसाद म्हणजे मनाचे गढूळपण निवळून आलेली स्थिरता. गीतेच्या दुसऱ्या अध्यायानुसार राग आणि द्वेष यांपासून सुटलेल्या इंद्रियांनी विषयांमध्ये वावरणाऱ्या माणसाला ती लाभते. या सिद्धांतात विषयांपासून पळून जाण्याचा आदेश नाही. वावरणे मान्य आहे, चिकटणे मान्य नाही. पतंजलीच्या योगसूत्रांत ही दुहेरी भूमिका आणखी स्पष्ट दिसते. पहिल्या पादात मन स्थिर करण्याचा एक उपाय म्हणून इंद्रियविषयाच्या सूक्ष्म अनुभवाचा उल्लेख आहे आणि व्यासभाष्य त्याचे पहिलेच उदाहरण देते ते नासिकाग्रावर धारणा केल्याने येणाऱ्या दिव्य गंधाचे; त्या अनुभवाने साधकाचा संशय फिटतो व श्रद्धा दृढ होते. तिसऱ्या पादात मात्र अशाच दिव्य इंद्रियानुभवांना समाधीतले उपसर्ग, म्हणजे अडथळे, म्हटले आहे. जे वाटेवर आधार देते, तेच मुक्कामाच्या जागी अडवते. वस्तू बदललेली नसते, साधकाची गरज बदललेली असते.

अद्वैताच्या टोकाला पोहोचल्यावर हा प्रश्न वेगळ्याच पातळीवर सुटतो. ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’च्या नवव्या प्रकरणात जीवन्मुक्ताच्या दशेचे वर्णन करताना आरंभीच गंध आणि नाक यांच्या एकरूपतेची कल्पना योजली आहे: तेथे परिमळच घ्राण होऊन स्वतःला भोगतो. सुगंध घेणारा वेगळा आणि घेतला जाणारा वेगळा, हा भेदच मावळला, तर गंधचोरीचा आरोप करायला कोणी उरत नाही आणि मन सुधारण्यासाठी सुगंध मिळवण्याची धडपडही उरत नाही. ही भूमिका उपभोगाचे समर्थन म्हणून वाचणे सोपे आहे, परंतु चुकीचे आहे. कारण जेथे भोक्ता म्हणून वेगळा कोणी उरलेला नाही, तेथे त्याच्या मनःस्थितीची काळजी वाहणारा व्यवहारही संपलेला असतो. सामान्य माणूस या दशेत नसतो, म्हणूनच त्याला पूजेतला क्रम, शीलातला संयम आणि देवतेची कानउघाडणी यांची गरज भासते.

या सर्व विचारातून सुगंधाच्या उपयोगाची एक व्यवहार्य कसोटी हाती लागते. थकलेल्या, झोप न लागणाऱ्या किंवा शोकात असलेल्या माणसाने मोगऱ्याच्या, वाळ्याच्या किंवा लव्हेंडरच्या वासाने मन हलके करून घेणे हे चरकाच्या अर्थाने आरोग्याचे काम आहे आणि त्यात धर्मदृष्ट्या लाजण्यासारखे काही नाही. ते सुख कल्याणाचा भाग ठरते किंवा नाही, हे तीन गोष्टींवरून ओळखता येते: ते दुसऱ्यापर्यंत पोहोचते की नाही, निदान त्याला त्रास देत नाही ना, कारण हवा सामाईक असते आणि धुपाचा धूर शेजारच्या दमेकऱ्याच्या छातीतही जातो, ते मिळवताना वनस्पतीची आणि श्रम करणाऱ्यांची किंमत चुकवली आहे की टाळली आहे, आणि तो सुगंध न मिळाल्यास मन कितपत ताळ्यावर राहते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक आली, तर सुगंधाचा उपभोग निर्दोष होतो. तिसऱ्याचे उत्तर समाधानकारक येईपर्यंत तो साहाय्यक असतो, साध्य नसतो. कारण ज्या शांतीला टिकण्यासाठी बाटली हाताशी असावी लागते, ती शांती माणसाच्या मालकीची झालेली नसते, आणि ती तशी व्हावी यासाठी लागणारा अभ्यास कोणतेही द्रव्य त्याच्या वतीने करू शकत नाही.